तात्पुरती ओळ

“काका, हे ‘थांबबैला’ तुम्हीच लिहिलंय ना?”

धम्मदीपा ऑफिसच्या खुर्चीत चक्क मांडी घालून बसली होती आणि पडद्याकडे बोट दाखवून खुदुखुदु हसत होती. रामदास तायडेने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. पडद्यावर त्याचाच प्रोग्राम उघडा होता, बावीस वर्षांपूर्वी लिहिलेला.

“आणि हे बघा. ‘उचलपट्टा’. इथे ‘मरूदे’. म्हणजे पंप नापास झाला की सरळ ‘मरूदे’कडे जायचं! भारीच की हो.”

“तेव्हा तरुण होतो गं,” रामदास म्हणाला. “दिवसभर जर्मन बोलून जबडा दुखायचा. म्हटलं, निदान प्रोग्रामात तरी आपल्या भाषेत बोलावं. कोण वाचणार आहे इथे?”

तोही हसला, पण मनापासून नाही. ते ‘थांबबैला’ आणि ‘मरूदे’ म्हणजे कसले तरी गहन संक्षेप असावेत, असं समजून जर्मन सहकाऱ्यांनी आजवर त्यांना लांबूनच नमस्कार केला होता. यंत्र अडलं की एकच वाक्य: हेर, म्हणजे श्रीयुत, तायडेंना विचारा. गेल्या आठ वर्षांत तीन साहेब बदलले, वाक्य बदललं नाही. आणि ही कालची पोर, येऊन पुरते सहा आठवडे झाले नाहीत, ती मासिक चाळावं तसं त्याचं सगळं चाळत बसली होती.

स्टुटगार्टच्या एका टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी हा कारखाना. गाड्यांच्या स्टीअरिंगचे पंप बनवायचा. प्रत्येक पंप बाहेर पडण्याआधी प्रुफश्टांडवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर चढायचा. यंत्र त्याला गरागरा फिरवून त्याची थरथर मोजायचं आणि हिरवा नाहीतर लाल दिवा लावायचं. हिरवा तो गाडीत, लाल तो भंगारात. या यंत्राचा मेंदू म्हणजे एक जुनाट संगणक. त्यातल्या प्रोसेसरची मूळ कंपनी कधीच बुडाली होती. त्याच्या रचनेचे हक्क तीनदा विकले गेले होते. ज्यांच्याकडे ते शेवटी गेले, ते स्वतः काही बनवत नव्हते; पण दुसऱ्याने तशी चिप बनवायची तर त्यांचा परवाना लागायचा. कारखाना दर वर्षी तो परवाना घ्यायचा आणि एका छोट्या वर्कशॉपकडून बदली बोर्डं करून घ्यायचा. गेल्या ऑक्टोबरात त्यांचं पत्र आलं: मार्च दोन हजार अठराच्या अखेरीनंतर परवाना नाही. कितीही पैसे दिलेत तरी नाही. स्वतः जेवायचं नाही आणि दुसऱ्यालाही जेवू द्यायचं नाही, त्यातला प्रकार.

आता पुढचं बोर्ड जळलं की कारखाना ठप्प. म्हणून ठरलं की जुना प्रोग्राम साध्या, आजच्या संगणकावर चालवायचा. मध्ये एक दुभाषी प्रोग्राम बसवायचा, जो जुन्या प्रोसेसरची भाषा ऐकून नव्याला समजावून सांगेल. त्याला परवान्याची गरज नाही, असं कारखान्याच्या वकिलांनी तपासून सांगितलं. असा दुभाषी लिहिणारी मुलगी कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत होती. धम्मदीपा मेश्राम, नागपूरची.

आणि तिला इथे आणलं कोणी? रामदासनेच! आदल्या वर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला ती स्टुटगार्टला आली होती. हॉलमध्ये वंदना झाली, भाषणं झाली, मग जेवणाच्या रांगेत तिने आपलं काम असं काही समजावून सांगितलं की रामदासची छाती अभिमानाने भरून आली. आपल्या समाजाची मुलगी, बाप एस. टी.त कंडक्टर, आणि काय बोलते! माइक घेऊन त्याने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. परवान्याचं पत्र आलं तसा तिचा अर्जही त्यानेच साहेबांच्या, हेर केम्मलरच्या हातात नेऊन ठेवला. आपल्या हाताने, आपल्याच पायावर, अख्खा धोंडा.

कारण कौतुक करणं वेगळं आणि त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसणं वेगळं, हे रामदासला जानेवारीत कळलं.

पहिल्या आठवड्यात तिने यंत्राचं सुरू होणं समजून घेतलं. ते समजायला त्याला चार महिने लागले होते. दुसऱ्या आठवड्यात केम्मलर तिच्या टेबलाशी उभा राहून “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे बरोबर, बरोबर, करत मान डोलवताना दिसला. तो रामदासच्या टेबलाशी यायचा ते फक्त काही बिघडलं की. कांटीनेत, म्हणजे कारखान्याच्या खानावळीत, तिच्याभोवती पोरं जमायला लागली. आणि घरी गेलं तर तिथेही तीच.

“धम्मदीपाला वरणफळं आवडतात म्हणे,” नीला म्हणायची. “रविवारी बोलवा ना तिला. अहो, किती गुणी पोरगी आहे! फोनवर मला विचारत होती, काकू, गुडघा कसा आहे. आपल्या सोहमला तरी सुचतं का?”

“गुडघ्याचं विचारायला काय जातं,” रामदास म्हणाला.

“विचारायला काहीच जात नाही. तेच तर म्हणते मी. तुम्ही कधी विचारलं?”

रामदासने ताटातली भाकरी उगाचच दोनदा मोडली. लाज वाटत होती त्याला. परक्याचा हेवा वाटला असता तर निदान घरात बोलता आलं असतं. ही आपली. हिच्यासारख्या शंभर पोरी इथवर याव्यात म्हणून तो दर वर्षी वर्गणी काढायचा. एकच आली, तर त्याचा जळफळाट! कोणाला सांगणार?

मग ते कार्डाचं झालं.

थरथर मोजण्याचं अवजड गणित जुन्या प्रोग्रामातून काढून ग्राफिक्स कार्डावर करायचं, असं तिने ठरवलं होतं. व्हिडिओ गेमसाठी असतं ते कार्ड. पण असली गणितं ते झपाट्याने करतं. नेमकं त्या हिवाळ्यात जगाला आभासी नाणी खणायचं वेड लागलेलं. त्या वेडापायी ग्राफिक्स कार्डं दुकानांतून गायब झाली आणि होती त्यांचे भाव दुप्पट. खरेदी खात्याने सांगितलं, मे महिन्याच्या आत मंजुरी नाही. धम्मदीपाने काय करावं? सोमवारी कायझर्सलाउटर्नहून येताना स्वतःचं जुनं कार्ड स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन आली. “माझ्याकडे पडूनच होतं,” म्हणाली. विकलं असतं तर दुप्पट आले असते, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. केम्मलरने मीटिंगमध्ये ते जाहीर सांगितलं. सगळ्यांनी टेबलावर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं. टाळ्यांच्या ऐवजी इथे तसं करतात. रामदासनेही केलं. जरा जोरातच केलं, पेरं दुखली.

त्या शनिवारी नीलाला भाजी आणायला जातो सांगून तो शहरातल्या दुकानात गेला आणि अकराशे युरो मोजून त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं कार्ड घेऊन आला. आपणही घरी शिकू, तिच्याआधी गणित बसवून दाखवू, असं काहीतरी डोक्यात होतं. दोन रविवार तळघरात पुस्तक उघडून बसला. कार्ड त्याच्या संगणकाच्या डब्यात मावेचना. हातभर लांब ते. सोमवारी मग मोठ्या दिलदारपणाचा आव आणून तो ते ऑफिसात घेऊन गेला.

“तिचं कार्ड जुनं आहे. हे वापरा,” तो केम्मलरला म्हणाला.

“छान आहे. पण गरज नाही, हेर तायडे. तिच्या कार्डावर सगळं व्यवस्थित चाललंय.”

धम्मदीपाने खोक्यावरची किंमत पाहिली आणि तिचे डोळे विस्फारले. “बाप्पा! काका, एवढे दिलेत? अहो, हे खूळ उतरलं की अर्ध्यात मिळेल. मला विचारायचं तरी!”

दुकानदाराने उघडलेलं खोकं परत घेतलं नाही. नीलाला त्याने सांगितलं, ऑफिसचं आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मात्र रामदासचे दिवस पालटले. बावीस तारखेला आबनामे ठरली होती, म्हणजे नवं यंत्र रीतसर पास करून घेण्याचा दिवस. अट साधी: जुन्या साठवलेल्या चारशे पंपांची मोजमापं नव्या यंत्राला द्यायची, आणि चारशेच्या चारशे निकाल जुन्यासारखे यायला हवेत. एकही इकडचा तिकडे नको. आणि धम्मदीपाचे तीन पंप चुकत होते. जुन्या यंत्राने नापास केलेले तीन पंप तिचं यंत्र खुशाल पास करत होतं.

रामदास मनातल्या मनात पेढे वाटत फिरला. “होतं असं,” तो तिला कांटीनेत म्हणाला. “जुनं यंत्र आहे. त्याला समजायला वेळ लागतो. सावकाश घे.” त्या आठवड्यात त्याला शांत झोप लागली. नीलाला म्हणाला, “बोलव गं तिला रविवारी, वरणफळं कर.” ती आली, जेवली, पण लक्ष ताटात नव्हतं. तिला काळजीत पाहून त्याने आणखी एक वाढा घेतला.

एकवीस तारखेला, बुधवारी दुपारी ती त्याच्या टेबलाशी आली. “काका, जरा बाहेर येता?”

कारखान्यामागून टेकडीवर द्राक्षांच्या मळ्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या होत्या. दहा-बारा पायऱ्या चढून ती थांबली.

“जुळलं,” ती म्हणाली. “चारशेच्या चारशे.”

“अरे वा,” तो म्हणाला. “काय होतं?”

तिने खिशातून कागद काढला. त्याच्या प्रोग्रामातल्या चार ओळी छापलेल्या. पहिल्या ओळीत मोजमापात एक बारीकसा आकडा मिळवलेला. आणि खाली इंग्रजी अक्षरांत, मराठीत, त्याचंच टिपण: ‘ही ओळ तात्पुरती. चिप भागाकार चुकवते म्हणून. नवी चिप आली की काढणे.’

“नवी चिप दोन हजार तीनमध्ये आली,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “परवान्याची पहिली बोर्डं. ती भागाकार चुकवत नव्हती. ओळ तशीच राहिली.”

रामदास पायरीवर बसला. दोन हजार तीनचा जून. अकोल्याहून फोन आला होता, वडील गेले. तो तीन आठवडे तिकडे होता. परत आला तेव्हा वर्कशॉपच्या माणसांनी बोर्ड बसवून दिलेलं, यंत्र चालू, दिवे लागतायत, कोणी काही विचारलं नाही. त्याने उघडून पाहिलंच नाही.

“म्हणजे त्या तीन पंपांना…”

“काही झालेलं नव्हतं. हजारी सात-आठ असे चांगले पंप लाल व्हायचे. वाईट कधी हिरवा झाला नाही, काका. कोणाला धोका नव्हता. नुसतं भंगारात जायचे.” ती खाली त्याच्या शेजारी बसली. “मी गणित कागदावरच्या सूत्रावरून नव्याने लिहिलं, त्यात ही ओळ नव्हती. म्हणून फरक. आता मी माझ्यातही तीच ओळ घातली. आपल्याला हुबेहूब उतरवायलाच सांगितलंय ना? जुन्याच्या चुकांसकट? मग झालं तर. कोणाला सांगायची गरज नाही. मराठीत आहे ते. तुमच्या-माझ्याशिवाय वाचणार कोण?”

आणि तिने तो कागद चार घड्या करून त्याच्याच हातात दिला.

संध्याकाळी त्याने नीलाला सगळं सांगितलं. कार्डाचंही सांगून टाकलं. कार्डाबद्दल नीला चकार शब्द बोलली नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर ते त्याला कळलं.

“पोरीनं तुमची लाज राखली,” ती शेवटी म्हणाली. “मोठ्या मनाची आहे हो.”

तेच. नेमकं तेच त्याला सोसवेना. हुशार आहे, ठीक. तरुण आहे, ठीक. साहेब मान डोलवतो, डोलवू दे. पण आता तिच्या यंत्रात त्याची चूक राहणार, तिच्या नावावर, आणि तो रोज तिच्या उपकाराखाली ऑफिसात जाणार. ती कधी बोलून दाखवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बोलून दाखवणारी असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीवर चारशे ओळी सरकल्या आणि चारशे वेळा ‘जुळलं’ असं उमटलं. टेबलावर ठकठक झाली. केम्मलर खुशीत होता. एकोणतीस मार्चला जुन्या यंत्राचा निरोपसमारंभ त्याने ठरवून टाकला होता: संचालक येणार, केक असणार, भाषण केम्मलरचं आणि बटण हेर तायडेंच्या हाताने बंद होणार. त्याने कागद पुढे सरकवला. “आधी तुमची सही, हेर तायडे. तुमच्याइतकं हे यंत्र कोणालाच माहीत नाही.”

धम्मदीपा त्याच्याकडे पाहून हसली. चला, सुटलो, अशा अर्थाचं.

रामदासने पेन उघडलं आणि परत बंद केलं.

“सगळं जुळतंय,” तो जर्मनमध्ये म्हणाला. “पण चूक आहे. दोन्हीकडे चूक आहे.”

मग त्याने सांगितलं. ओळ, चिप, वर्ष, हजारी सात-आठ. न थांबता सांगितलं. खिशातून तो घडी घातलेला कागद काढला आणि त्यावरचं टिपण त्याने शब्दाशब्दाला जर्मन करून वाचून दाखवलं. केम्मलरने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पंधरा वर्षं?”

“पंधरा.”

“का काढली नाहीत ती ओळ?”

“विसरलो.”

केम्मलरची मान धम्मदीपाकडे वळली. “तुम्हाला हे माहीत होतं?”

“तिला यंत्र हुबेहूब उतरवायला सांगितलं होतं,” रामदास मध्येच म्हणाला. “ते तिने चोख केलं. चूक यंत्रातली आहे, म्हणजे माझी आहे. तिला त्यात ओढू नका.”

केम्मलरने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्याने एकेक करून सांगितलं. नव्या यंत्रातली ती ओळ आज काढायची, उद्या पुन्हा चाचणी. जुन्या यंत्राच्या निकालांवर आता भरवसा ठेवता येणार नाही, तेव्हा ते आत्ताच बंद करायचं. एकोणतीसचा समारंभ रद्द. “आणि तुमच्याबद्दल आपण सोमवारी बोलू, हेर तायडे.” जाताना त्याने हात मिळवला नाही. रागाने नाही बहुधा, विसरला असावा.

खाली चाचणीच्या खोलीत दोघंच गेले. जुन्या संगणकाचे पाच पंखे घोंघावत होते. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं, हा वर्षानुवर्षांचा रिवाज.

“काहून सांगितलं, काका?” धम्मदीपा ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. “मी केलं होतं ना सगळं बरोबर!”

“हेवा वाटतो मला तुझा!” रामदास ओरडला.

“काय?”

“हेवा! जळतो मी तुझ्यावर! जानेवारीपासून!” काचेपलीकडच्या कामगारांनी मान वर करून पाहिलं. त्यांना काय कळणार होतं? “तू माझ्याहून हुशार आहेस, ते कसंतरी गिळलं! पण मनानेही तूच मोठी, हे नाही जमलं मला! नाही झेपले तुझे उपकार! म्हणून सांगितलं! चांगुलपणाने नाही!”

तिने बाहीने नाक पुसलं.

“मला माहीत होतं!” ती ओरडली. “तुम्ही ते कार्ड आणलं ना, त्याच दिवशी कळलं!”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? तुमच्याच शिफारशीनं आली मी!”

ती पुढे झाली आणि संगणकाच्या बटणापाशी उभी राहिली. “मी करू बंद?”

“नाही. सरक.”

ती बाजूला झाली. रामदासने बटणावर बोट ठेवलं, क्षणभर ठेवलं, आणि दाबलं. एकेक पंखा मंदावत गेला. शेवटचा बराच वेळ फिरत राहिला, मग तोही थांबला. वरच्या ट्यूबलाइटची बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. ती तिथे इतकी वर्षं होती हे त्याला आजवर माहीत नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं. एक वाजून गेला होता.

“जेवलीस का तू?” त्याने विचारलं, नेहमीच्या सवयीने, घसा ताणून.

त्याचा आवाज भिंतींवर आपटला. काचेपलीकडचे दोघे दचकून वळले.

“नाही अजून, काका,” धम्मदीपा म्हणाली. तिला आवाज चढवावा लागला नाही.